दिवसाढवळ्या लावलेले कंदील

बाड्यावर आताशा बाराही महिने सेल असतो. संक्रांत उलटली की लोकरीचा, श्रावण लागला की साड्यांचा, आणि मे महिना तापला की सगळ्याचाच. गेल्या उन्हाळ्यात एका संध्याकाळी दौलतगंजातून परत येत होतो. बरोबर आमच्या वाड्यातल्या काकू होत्या. वय ऐंशीच्या पुढे, पण डोळे अजून शाबूत. कपड्यांच्या एका दुकानावर वरच्या मजल्यापासून लाल फलक सोडला होता, ‘समर क्लिअरन्स सेल, पन्नास टक्क्यांपर्यंत सूट’, आणि दारात एक पोरगा टाळ्या पिटून लोकांना आत बोलवीत होता. काकू थबकल्या, फलक सावकाश वाचला आणि आवाज उतरवून म्हणाल्या, “अरे, बरं चाललं होतं की यांचं! असं काय झालं एकाएकी?”

मला हसू आले, पण मोकळेपणाने हसता आले नाही. कारण नेमक्या याच प्रश्नाने १९०६ सालच्या उन्हाळ्यात आमच्या घरची झोप उडवली होती. ती हकीकत मी आजोबांच्या तोंडून इतक्या वेळा ऐकली आहे की त्यातला कोणता कंदील खरा आणि कोणता त्यांनी मागाहून टांगलेला, हे मला आता सांगता यायचे नाही. आजोबा तेव्हा आठ वर्षांचे होते आणि दुकानाच्या पायरीवर बसून सगळे पाहत होते, एवढे मात्र नक्की.

दुकान पणजोबांचे. दौलतगंजात, दोन दारांचे, वर माडी. आज त्या जागी मोबाइल फोन विकतात. पाटीवर ‘जनरल मर्चंट’ असे देवनागरीत लिहिलेले होते आणि त्याचा अर्थ विचारणारांस पणजोबा सांगत, “ज्याचं दुसरं कोणतं दुकान नाही, ते इथं मिळतं.” आपल्या समाजात हा धंदा तेव्हा नवाच. दौलतराव महाराजांची छावणी १८१० साली इथे पडली, तिचेच पुढे लष्कर शहर झाले. त्या छावणीबरोबर आणि तिच्या मागोमाग आपण मंडळी आलो ती तलवार घेऊन, लेखणी घेऊन किंवा पळी-पंचपात्र घेऊन. तराजू घेऊन फारसे कोणी आले नाही. दुकानदारी ही सराफ्यातल्या जैन-वैश्य मंडळींची, आपण गिऱ्हाईक. तेव्हा पणजोबांनी कारकुनीची जागा नाकारून दुकान मांडले, त्या दिवशी पणजी माहेरी निघून गेली होती म्हणतात. आठ दिवसांनी परत आली, पण दुकानाची पायरी ती पुढे कित्येक वर्षे चढली नाही. भाऊबंदांपैकी कोणी सौदा घ्यायला आले तर ते आधी माडीवर जाऊन चहा घेत, मग सहज म्हणून खाली डोकावत, आणि जाता जाता “हे एवढं बांधून द्या, नावे लिहून ठेवा” असे सांगत. नात्यात पैसे मोजून द्यायचे म्हणजे दुकानदार म्हणून वागवल्यासारखे व्हायचे! पणजोबांचा अपमान होऊ नये म्हणून लोक उधारी करीत, असे आजोबा गंभीरपणे सांगत.

माल यायचा आग्र्याहून. आग्र्याची आगगाडी ग्वाल्हेरला १८८१ साली आली आणि १८८९ साली झाशीपर्यंतचा मार्ग पुरा होऊन आपण दक्षिणेशीही जोडले गेलो. गाडीने नुसती माणसे आणली नाहीत. सुया, गुंड्या, दोऱ्याची रिळे, चिमण्या, साबण, मेणबत्त्या, एनॅमलच्या थाळ्या, पत्र्याच्या ट्रंका, छत्र्या, लोकरीचे गळपट्टे, टाकाच्या निपा, शाईच्या पुड्या, बिस्किटांचे डबे हे सारे आणले. यातले जवळजवळ सगळे विलायती, किंवा विलायतेच्या नावाने जर्मनीतून आलेले. घाऊक व्यापारी पणजोबांना तीन महिन्यांच्या वायद्याने माल देत आणि पणजोबा गिऱ्हाइकांना बिनवायद्याने. या दोन वाक्यांत पुढची सारी कथा आहे.

१९०५ साल उजाडले ते मोठ्या आशेने. त्या वर्षी दोन गोष्टी घडल्या. माधवराव महाराजांनी सागरताल येथे मेळा सुरू केला, तोच आपला आजचा ग्वाल्हेरचा मेळा. आज तिथे मोटारगाड्या विकत घ्यायला लोक लांबलांबून येतात, कारण अलीकडच्या मेळ्यांत वाहनांच्या करात ५० टक्के सूट मिळत आली आहे. पण सुरुवात झाली ती गुरांच्या बाजाराने. पणजोबांनी विचार केला, जिथे गुरे तिथे माणसे आणि जिथे माणसे तिथे खरेदी. त्यांनी लोकरीच्या गळपट्ट्यांचा एक पेटारा मागवून तिथे पाल ठोकले. बैल घ्यायला आलेला माणूस बैलच घेतो, आणि उरलेल्या पैशांत घुंगरमाळ घेतो, गळपट्टा घेत नाही, हे ज्ञान त्यांना चार दिवसांत झाले.

दुसरी गोष्ट डिसेंबरातली. प्रिन्स ऑफ वेल्स, म्हणजे पुढचे बादशहा पंचम जॉर्ज, ग्वाल्हेरला महाराजांचे पाहुणे म्हणून आले. शहरभर रोषणाई होणार हे उघडच होते. घरोघर दिवे लागणार, तर घरोघर कंदील लागणार, असा हिशेब करून पणजोबांनी सहा डझन हरिकेन कंदील आणले. ओगल्यांचा प्रभाकर कंदील निघायला अजून पुष्कळ वर्षे होती. हे कंदील जर्मन बनावटीचे, वाऱ्यात न विझणारे. दौलतगंजात तेव्हा एवढे कंदील एका ठिकाणी कोणी पाहिले नव्हते. रोषणाई झाली, उत्तम झाली. पण लोकांनी दिवाळीच्या उरलेल्या पणत्या काढल्या, त्यात तेल घातले आणि काम भागवले. सहा डझनांपैकी खपले सात.

म्हणजे १९०६ च्या चैत्रात पणजोबांच्या माडीवर एक पेटारा लोकर होती, पासष्ट कंदील होते आणि आग्र्याचा वायदा उलटून महिना झाला होता. त्यात उन्हाळा. ग्वाल्हेरचा उन्हाळा म्हणजे काय हे इथल्या वाचकांना सांगायला नको. पारा पंचेचाळीसच्या वर गेला की दुकानात माणूस टिकत नाही तर मेणबत्ती काय टिकणार? आजोबा सांगत, डब्यातल्या मेणबत्त्या नमस्कार केल्यासारख्या वाकत. साबणाला पाझर फुटे. रबराचे चेंडू एकमेकांना चिकटून त्यांची आंबोळी होई. लोकरीला ऊन सोसते, पण उन्हामागून येणारी पावसाळी दमट हवा सोसत नाही. आषाढात कसर लागली की गळपट्ट्याची चाळण. तेव्हा मृगाच्या आत जे जाईल ते आपले, पुढे ते किड्यांचे, हे कोणत्याही दुकानदाराला कळत होते.

आणि तालेवार गिऱ्हाईक उन्हाळ्यात गावात नसे. दरबारचा मुक्काम शिवपुरीस हलत असे. तिला तेव्हा सिपरी म्हणत. १८९९ पासून तिथे महाराजांची छोटी गाडी जात होती, तीच आपल्या सगळ्यांच्या आठवणीतली दोन फुटी रुळांची गाडी. शिवपुरीचा फाटा केव्हाच बंद पडला आणि श्योपूरची गाडीही २०२० साली थांबली. अधिकारी, मानकरी, त्यांची घरची मंडळी, त्यांचे कारभारी, सगळे त्या गाडीने थंड हवेला जात आणि त्यांच्याबरोबर पणजोबांची उधारीही. मागे राहत ते कारकून, शिक्षक, भिक्षुक आणि लग्नघरे. वैशाख-ज्येष्ठात लग्ने असतात, रुखवताला आरसे, डबे, बाहुल्या लागतात, आणि लग्नघरात रोख पैसा असतो. पणजोबांनी ठरवले: अक्षय्य तृतीयेपासून मृगापर्यंत भाव उतरवून सगळा माल काढायचा. फक्त रोखीने.

आज यात विशेष वाटत नाही. जगातही ती कल्पना रुळत होती. पॅरिसमध्ये बूसिको नावाच्या दुकानदाराने १८५२ नंतर आपल्या ‘बाँ मार्शे’त ठरीव किमतीच्या चिठ्ठ्या लावून घासाघीस बंद केली होती, अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या वॉनामेकरने १८७८ च्या जानेवारीत, नाताळानंतरच्या मंदीत, चादरी-टेबलक्लॉथ असा पांढरा माल उतरत्या भावाने विकून थंडीतही दुकान भरवून दाखवले होते. पण लष्करात भाव उतरवणे ही गोष्ट निराळी होती. घासाघीस करून कमी करणे वेगळे. तो गिऱ्हाइकाचा हक्क आणि दुकानदाराची कला. आपण होऊन, पाटी लावून, सगळ्यांना सारखे कमी करणे म्हणजे? पणजीने माडीवरूनच विचारले, “लिलाव मांडलाय की काय?”

पाटीवर काय लिहावे यावरून घरात दोन दिवस वाद झाला. सेल हा शब्द कोणाला ठाऊक नव्हता. ‘हर्रास’ म्हटले तर सरकारी जप्तीची आठवण, ‘लिलाव’ म्हटले तर त्याहून वाईट. त्यात पणजोबांचे धाकटे भाऊ सुटीला घरी आले होते. आम्ही त्यांना पुण्याचे आजोबा म्हणत असू. १९०५ च्या ऑक्टोबरात पुण्यात सावरकरांनी विलायती कपड्यांची होळी केली, टिळक स्वतः तिथे हजर होते, आणि हे आमचे विद्यार्थी त्या गर्दीत कुठेतरी उभे होते. त्यांचे म्हणणे सरळ होते: विलायती माल विकायचा कशाला, जाळा! पणजोबांनी शांतपणे विचारले, “जाळतो. पण आग्र्याचे पैसे कोण देणार?” यावर पुण्याचे आजोबा काही बोलले नाहीत, पण रात्री उठून त्यांनी एक पाटी रंगवली: ‘विलायती मालाचे उच्चाटन’. पाच महिन्यांपूर्वी ज्या शहराने इंग्लंडच्या युवराजांचे स्वागत केले, त्या शहराच्या बाजारात ही पाटी! पणजोबांनी ती उलटी करून तिच्या कोऱ्या बाजूवर भावाकडूनच दुसरे अक्षर काढून घेतले: ‘स्वस्त विक्री. रोखीने. मृगापर्यंत.’ खाली शेजारच्या मुन्शीजींनी तेच उर्दूत लिहून दिले. पुढच्या बाजूला स्वस्त विक्री आणि मागच्या बाजूला उच्चाटन अशी ती फळी पुढे कित्येक वर्षे आमच्या माजघरात पिठाच्या डब्यावर झाकण म्हणून होती. मी ती पाहिली आहे.

मला वाटते पुण्याच्या आजोबांची बाजूही अगदीच पोरकट नव्हती. १९०६ सालीच मुंबईत स्वदेशी स्टोअर्स निघाले, म्हणजे विलायतीला नको म्हणायचे तर देशी मालाचे दुकान हवे, हे मोठ्यांनाही पटले होते. फरक इतकाच, की होळी पेटवणाऱ्याला माल विकत घेऊन ठेवलेला नसतो.

विक्रीची रीत पणजोबांनी स्वतः योजली होती. दर बुधवारी प्रत्येक नगामागे भाव आणखी एक पायरी उतरायचा, शेवटच्या आठवड्यात निम्म्यावर यायचा. हे त्यांनी पाटीखाली स्पष्ट लिहूनही ठेवले, कारण लपवाछपवी त्यांना ठाऊक नव्हती. परिणाम काय झाला असेल ते चाणाक्ष वाचकांनी ओळखले असेलच. पहिल्या आठवड्यात लोक आले, त्यांनी वस्तू हातात घेतल्या, उलटसुलट करून पाहिल्या, आणि “निम्म्यावर आलं की घेऊन जाऊ हो” असे सांगून निघून गेले. दुसऱ्या आठवड्यातही तेच. दोन म्हाताऱ्या रोज येऊन आपापला आरसा जागेवर आहे ना एवढे पाहून जात.

गंमत म्हणजे तीन वर्षांनी, १९०९ साली, अमेरिकेत बॉस्टनच्या एडवर्ड फाइलीनने आपल्या दुकानाच्या तळघरात हीच योजना केली. बारा दिवसांत माल खपला नाही तर पाव किंमत कमी, अठरा दिवसांनी निम्मी, चोवीस दिवसांनी पाऊण, आणि तीस दिवसांनीही उरला तर धर्मादाय. तो यशस्वी झाला, कारण बॉस्टनमध्ये गिऱ्हाइकाला भीती होती की आपण थांबलो तर दुसरा कोणी घेऊन जाईल. आमच्या गल्लीत ती भीती नव्हती. कोण कोणता आरसा घेणार हे सगळ्यांना माहीत होते. दुसऱ्याने पाहून ठेवलेला आरसा उचलणे सभ्यपणाचे नव्हते!

वैशाख सरत आला. आग्र्याहून दोन पत्रे येऊन गेली होती, दुसऱ्यात ‘कृपा’ हा शब्द नव्हता. आणि एके दिवशी दुपारी चारच्या सुमारास आँधी आली.

ज्यांनी ग्वाल्हेरची आँधी पाहिली नाही त्यांना ती सांगून कळणार नाही. पश्चिमेकडून पिवळा पडदा उठतो, किल्ला दिसेनासा होतो, आणि पाच मिनिटांत भर दुपारी हाताचा पंजा दिसत नाही. रस्त्यावरची माणसे मिळेल त्या दारात शिरतात. त्या दिवशी पंधरा-वीस माणसे पणजोबांच्या दुकानात शिरली. अंधार, धूळ, खोकला. पणजोबांना एकदम सुचले. वाऱ्यात न विझणारा कंदील वाऱ्यातच दाखवायला हवा! त्यांनी डझनभर कंदील पेटवले आणि दारात, पायरीवर, बाहेर पालाच्या दोरीवर टांगले. वाऱ्याने पाल फाटले, शेजारच्या हलवायाची कढई रस्त्याने गडगडत गेली, पण एकही कंदील विझला नाही. आजोबा म्हणत, “माझ्या आयुष्यात मी बाबांना एवढ्या आनंदात पुन्हा पाहिलं नाही.” तिथल्या तिथे तीन कंदील खपले.

आँधी जशी येते तशी जाते. अर्ध्या तासात आकाश स्वच्छ झाले आणि उतरते ऊन दौलतगंजावर लख्ख पडले. पणजोबा आत तीन कंदिलांचे पैसे मोजत होते. बाहेर नऊ कंदील जळत होते.

दिवसाढवळ्या दुकानात दिवा लावून ठेवणे याचा अर्थ त्या काळी पोराटोरांनाही ठाऊक होता. ज्याचे दिवाळे निघाले तो व्यापारी दुकानात भर दिवसा दिवा लावून बसे. तेच त्याचे जाहीर निवेदन. दिवाळे हा शब्दच त्या दिव्यापासून आला असे सांगतात. पणजोबांनी एक नाही, नऊ लावले होते. वर ‘स्वस्त विक्री’ची पाटी. आजोबांनी पायरीवरून पाहिले की रस्त्यावरचा एक माणूस थांबला, मग दुसरा थांबला, मग दोघे काही न बोलता झपाझप सराफ्याकडे निघाले. दिवे लागायच्या वेळेला (म्हणजे इतरांचे दिवे लागायच्या वेळेला) ही बातमी बाड्यापलीकडे पोचली होती.

रात्री पणजी खाली आली. दुकानाची पायरी उतरून ती पहिल्यांदाच दुकानात आली. तिने विचारले, “खरं आहे?” पणजोबा म्हणाले, “नाही.” ती म्हणाली, “मग उद्या उघडा दुकान. बंद ठेवलंत तर खरं होईल.”

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला फळ्या काढल्या तर बाहेर माणसे उभी. बुडालेल्या दुकानाचा माल मातीमोल मिळतो, या आशेने आलेली, आणि सगळी रोख पैसे घेऊन! त्या दोन म्हाताऱ्या तर पहाटेच येऊन बसल्या होत्या. आता थांबण्यात अर्थ नव्हता, कारण उद्या दुकान असेलच याची खात्री नव्हती. म्हणजे बॉस्टनची भीती शेवटी लष्करात आली ती अशी. दोन दिवसांत आरसे गेले, ट्रंका गेल्या, वाकलेल्या मेणबत्त्या गेल्या, लोकरीचे गळपट्टे भर ज्येष्ठाच्या तोंडावर गेले. कंदील संपले. पणजोबा प्रत्येकाला सांगत होते की दिवाळे निघालेले नाही, आणि प्रत्येक जण समजुतीने मान डोलावून घाईने पैसे पुढे करीत होता.

आली नाही ती उधारी. हे आजोबा सांगत तेव्हा त्यांचा आवाज बदले. माडीवर चहा घेणाऱ्यांपैकी कोणी त्या दोन दिवसांत फिरकले नाही. बुडत्या दुकानाचे देणे कोण देतो? आणि देणेकऱ्याला सांत्वनाला जायचे तर तोंडाने काय बोलायचे? फक्त एक बाई आली. जवळच राहणाऱ्या, नवरा जाऊन वर्ष झालेली, भाकरी-भाजीचे डबे करून मुलांना शिकवणारी. तिच्या नावे अकरा आणे होते. तिने पदराच्या गाठीतून ते काढून गल्ल्यावर ठेवले. पणजोबा म्हणाले, “वहिनी, घाई नव्हती.” ती म्हणाली, “माझ्यावर वेळ आली तेव्हा तुम्ही तगादा लावला नाहीत. आज तुमच्यावर आली आहे, मग मला कसं थांबता येईल?” आपली वेळ आलेली नाही हे पणजोबांनी तिला मात्र सांगितले नाही. का, ते आजोबांना कधी कळले नाही. मला वाटते, तिने दिलेले घेणे हाच त्या वेळी तिचा मान होता.

तिसऱ्या दिवशी आग्र्याहून गुमास्ता गाडीने उतरला. बातमी त्याच्या मालकाला आमच्या पत्राआधी पोचली होती. पणजोबांनी त्याला माडीवर नेले नाही. दुकानातच बसवून पैसे मोजून दिले, पै न् पै. तो चकित झाला, त्याने पावती लिहिली, पाणी प्यायला आणि जाताना म्हणाला की शेठजींचा निरोप आहे, यापुढे माल रोखीने. देणे फिटले तरी दिवे लोकांनी पाहिले होते.

मग पणजोबांनीही पाटी लावली: ‘उधारी बंद’. याला ते आपल्या मनाने मोठे नवे पाऊल समजत, आणि तसा आधारही होता. व्हाइटअवे लेडलॉ ही साहेबी दुकानांची पेढी १८८२ साली कलकत्त्यात निघाली ती रोखीच्याच जोरावर वाढली. साहेबलोकांना सह्या करून माल उचलायची सवय. इथे ते चालत नसे, म्हणून तिला ‘राइट अवे अँड पेड फॉर’ असे टोपणनाव पडले होते. तिचा एक संस्थापक रॉबर्ट लेडलॉ त्याच १९०६ साली इंग्लंडच्या पार्लमेंटात निवडून गेला. पण व्हाइटअवेच्या गिऱ्हाइकाला दुकानदार नातलग नव्हता. आमच्याकडे उधारी बंद झाली आणि माडीवरचा चहाही बंद झाला. मंडळी कोपऱ्यावरच्या दुसऱ्या दुकानात जाऊ लागली, तिथे अजून नावे लिहून घेत. पणजोबांचे दुकान पुढे बारा-तेरा वर्षे चालले. आधी दोन दारांचे एक दार झाले, मग महायुद्धात विलायती माल यायचा थांबला, आणि एके दिवशी त्यांनी ते आवरले. दिवा न लावता.

उधारीचे वेड आपल्याकडेच होते असे नाही. तोच बॉस्टनचा फाइलीन १९०७ साली हिंदुस्थानात आला होता आणि १९०४ च्या कायद्याने निघालेल्या इथल्या सहकारी पतपेढ्या पाहून इतका प्रभावित झाला, की परत गेल्यावर अमेरिकेत तसल्या पतसंस्था काढण्यासाठी त्याने उरलेले आयुष्य वेचले. मॅसॅच्युसेट्सचा पहिला कायदा १९०९ चा, म्हणजे तळघरातल्या स्वस्त विक्रीच्याच वर्षीचा. एकाच माणसाने एका हाताने रोखीचे दुकान मांडावे आणि दुसऱ्या हाताने पतीचे, याचे मला फार कौतुक वाटते. पणजोबांना तो भेटला असता तर त्यांनी त्याला खतावणी दाखवली असती.

ती खतावणी माझ्याकडे आहे. लाल कापडाची बांधणी, पाने तपकिरी, कडेला कसर लागलेली, अक्षर मोडी. मला मोडी येत नाही. दोन वर्षांपूर्वी मोडी जाणणाऱ्या एका निवृत्त शिक्षकांना घरी बोलावले आणि आम्ही दोघांनी चार संध्याकाळी बसून ती वाचली. काही पानांवर तिरपी रेघ आहे, म्हणजे हिशेब चुकता. अकरा आण्यांवर अशी रेघ आहे, आणि ती इतर रेघांपेक्षा जाड आहे. किंवा मला तशी दिसते. बाकीची पुष्कळ पाने कोरीच राहिलेली. घराणी ओळखीची निघाली. त्यातल्या काहींच्या घरी मी गणपतीला जातो. नावे इथे देण्याचा माझा विचार नाही, निश्चिंत असावे.

शेवटून तिसऱ्या पानावर शिक्षक थांबले आणि चष्मा काढून माझ्याकडे पाहू लागले. ‘गळपट्टा लोकरी, नग १, चौदा आणे, नावे’ आणि पुढे जे आडनाव होते ते आमच्या सौभाग्यवतींच्या माहेरचे. तिच्या पणजोबांचे. पानावर रेघ नव्हती.

मी आत जाऊन तिला सांगितले. ती पोळ्या लाटत होती. लाटणे न थांबवता म्हणाली, “चौदा आणेच ना? आपल्या लग्नात तुमच्या आजीने मानपानाचं काय काय घेतलं आहे ते मला पाठ आहे. त्यात वळते करून घ्या, आणि वर जे निघेल ते मला रोख द्या.”